फोल्डर तुमचे, फरफट वाचकाची

कुठल्याही सॉफ्टवेअरची हेल्प उघडा आणि डावीकडची यादी वाचा. त्या कंपनीत कोण कोणाच्या हाताखाली काम करतं, हे पाच मिनिटांत कळेल. पगारपत्रक कसं छापायचं, ते मात्र कळणार नाही. 'कोअर', 'ॲडमिन', 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस', 'इंटिग्रेशन' आणि शेवटी ते अजरामर 'इतर'. यातलं एकही नाव वाचकाच्या कामाचं नाही. ही सगळी टीमची नावं. संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशाच घडणीची प्रणाली ती संस्था बनवते, असं संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉन्वेनं १९६८ सालीच लिहून ठेवलं होतं. त्याला पुरावा हवा असता तर मी आमच्या हिंजवडीतल्या हेल्प प्रोजेक्टांचे गठ्ठे पाठवले असते.

मी टेक्निकल रायटर आहे, म्हणजे या पापात माझ्याच जातभाईंचे हात बुडालेले आहेत. आणि हे पाप साधनांच्या माथी मारता येत नाही. हेल्प लिहायच्या मॅडकॅप फ्लेअरमध्ये टॉपिकच्या, म्हणजे हेल्पच्या एकेका पानाच्या, फाइली ज्या फोल्डरांत राहतात ते एकीकडे, आणि वाचकाला दिसणारी अनुक्रमणिका, म्हणजे आमची टीओसी, ही दुसरीकडे, स्वतंत्र फाइल. एकच टॉपिक तीन टीओसींत तीन ठिकाणी लावा, मूळ फाइल जागची हलत नाही. आयबीएममध्ये जन्मलेलं आणि २००५ साली ओॲसिसनं मानक म्हणून मंजूर केलेलं डीआयटीए हेच करतं. तिथे टॉपिक वेगळे आणि त्यांचा क्रम लावणारा मॅप वेगळा. प्रश्न वीस वर्षांपूर्वीच सुटलाय. तरी आमचे लोक अख्खं फोल्डर उचलतात, टीओसीवर नेऊन आपटतात आणि 'स्ट्रक्चर झालं' म्हणून मेल पाठवतात. रोबोहेल्प या दुसऱ्या साधनाच्या जुन्या आवृत्त्यांत तर फोल्डरांवरून टीओसी आपोआप बनवून देणारी सोयच होती. आळसाला इतकं राजरोस बटण दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळालं असेल असं वाटत नाही.

फोल्डर ही कोठीची खोली. तिथे डबे लेखकाच्या हाताला येतील असे लावावेत. पाहुण्यांची पंगत तिथे मांडू नये.

पण पंगत तिथेच मांडायची म्हटल्यावर पुढचे चाळे ओघानं येतात. फाइलींना आकडे लावले जातात: ०१, ०२, ०२अ, ०२अ_नवीन. का, तर फोल्डरात फाइली वर्णक्रमानं लागतात आणि यांना तिथेच वाचनाचा क्रम हवा. मध्ये एक टॉपिक वाढला की पुढच्या सगळ्यांची नावं बदलायची. वेबवरच्या हेल्पमध्ये फाइलचं नाव पत्त्यात असतं, म्हणजे सपोर्टवाल्यांनी ग्राहकांना पाठवून ठेवलेल्या लिंका एका रात्रीत मेल्या. त्यातही एखादा महाभाग नाव बदलतो ते विंडोज एक्स्प्लोररमधून. प्रोजेक्टला याचा पत्ताच नसतो, आणि आतल्या लिंकाही तुटतात. कॅपिटल-स्मॉलचा घोळ विंडोजवर खपून जातो, लिनक्सच्या सर्व्हरवर गेला की उघडा पडतो. फोल्डरात फोल्डर घालत सातव्या पायरीला पोचलात की विंडोजची २६० अक्षरांच्या पत्त्याची जुनी मर्यादा आडवी येते, आणि ती नेमकी रिलीजच्या आदल्या रात्री येते. त्यावर आमच्याकडचा रामबाण उपाय म्हणजे अख्खा प्रोजेक्ट उचलून सी ड्राइव्हच्या तोंडाशी आणून ठेवायचा. फोल्डरांची नावं छोटी करा, पायऱ्या कमी करा, असं कोणी सुचवलं तर त्यावर मीटिंग लागते. मीटिंगमध्ये 'माझं मॉड्यूल तिसऱ्या नंबरवर का' याखेरीज दुसरा विषय निघत नाही.

याहून जास्त राग मला येतो तो शास्त्रशुद्ध मंडळींचा. डीआयटीएचं प्रशिक्षण घेऊन आलेले हे लोक कन्सेप्ट, टास्क आणि रेफरन्स अशी तीन फोल्डरं काढतात. काढा बापडे! पण तीच तीन नावं टीओसीतही? म्हणजे 'जीएसटी कसा लावायचा' हे विचारायला आलेल्या हिशेबनिसानं व्याख्या एका खोलीत वाचावी, पायऱ्या दुसरीत आणि दरांचा तक्ता तिसरीत शोधावा. टॉपिकचा प्रकार ही लिहिणाऱ्याची शिस्त आहे, वाचणाऱ्याची परीक्षा नव्हे. आयबीएमच्याच संशोधनकेंद्रात काम करणाऱ्या जॉन कॅरलनं १९९० च्या पुस्तकात दाखवून दिलं होतं की माणसं पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत बसत नाहीत, थेट कामाला हात घालतात आणि अडली की उत्तर धुंडाळतात. ते पुस्तक आमच्या शास्त्र्यांनी कुठल्या फोल्डरात ठेवलंय, देव जाणे.

'पण आता सगळे सर्चच करतात, टीओसी बघतो कोण?' हे पालुपद ठरलेलं. बरं, सर्च करून बघा. प्रत्येक फोल्डरच्या तोंडाशी 'ओव्हरव्ह्यू' नावाचा टॉपिक बसवायची आमची रीत असल्यामुळे निकालात एकाखाली एक ओव्हरव्ह्यू, ओव्हरव्ह्यू, ओव्हरव्ह्यू. त्यातल्या एकावर नशीब आजमावून वाचक आत पडला, तर आपण कुठे आलोय हे सांगणारी वरची ओळ टीओसीवरून बनते. आणि टीओसी फोल्डरांवरून बनलेली, म्हणून ती सांगते: मॉड्यूल ३, इतर, सेटिंग्ज.

आणि आता चॅटबॉट. साहेबांनी घोषणा केलीय की ग्राहकांना हेल्प वाचावीच लागणार नाही, बॉट उत्तर देईल. बॉटच्या पोटात ओतलं काय, तर अख्खं कंटेंट फोल्डर, त्यातल्या 'जुने', 'बॅकअप' आणि 'वापरू नये' या तीन पिढ्यांसकट. टीओसीत नसल्यामुळे हे टॉपिक निदान माणसांच्या नजरेआड तरी होते. यंत्राला ती लाज नाही. दोन आवृत्त्यांपूर्वी काढून टाकलेलं बटण दाबा, असं ते अत्यंत अदबीनं सांगतं.

कुठल्याच टीओसीत नसलेल्या टॉपिकांची यादी फ्लेअर काढून देतं. एफ-वनच्या कळीसाठी किंवा आतल्या लिंकांसाठी मुद्दाम बाहेर ठेवलेले तेवढे वगळा आणि उरलेले उडवा, बॉटच्या उद्घाटनाचा केक कापायच्या आधी. 'असू दे, कधीतरी लागेल' असं म्हणणारा एकजण टीममध्ये असतोच. यातला कुठला टॉपिक शेवटचा कधी लागला होता, एवढं त्याला चारचौघांत विचारा.