समर्थकांशी थोडे भांडण

लग्नसराईत वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाच्या दर्शनाला आलेली नवी जोडपी जागोजागी दिसतात. अंगावरची हळद उतरलेली नसते. गुलाल-खोबरे उधळले जाते, ‘चांगभलं’चा गजर होतो. लग्न हा केवळ दोघांचा खासगी मामला नसून त्याला चारचौघांची मान्यता लागते, हे तिथे कुणी समजावून सांगावे लागत नाही. समलिंगी विवाहाची मागणी ‘पाश्चात्त्य थेर’ म्हणून झटकणाऱ्यांशी आमचा वाद आहेच. आज मात्र भांडायचे आहे ते तिच्या समर्थकांशी.

अँड्र्यू सलिव्हन यांनी १९८९ साली ‘न्यू रिपब्लिक’मध्ये आणि जोनाथन राउश यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात मांडलेला युक्तिवाद असा: विवाहाने माणूस स्थिरावतो, जबाबदार होतो, तेव्हा समलिंगींना विवाह खुला केल्यास समाजाचेच भले होईल. युक्तिवाद चतुर आहे, पण अपमानकारक. इतर कोणत्या वधूवरांना बोहल्यावर चढण्यापूर्वी आपली सामाजिक उपयुक्तता सिद्ध करावी लागते?

रूथ वनिता यांचे ‘लव्हज राइट’ (२००५) परंपरेची साक्ष काढते. भारतात स्त्रियांनी परस्परांशी केलेले विवाह आणि ताटातूट टाळण्यासाठी जोडीने केलेल्या आत्महत्या, दोन्हींची नोंद त्यात आहे. ‘हे आपल्याकडचे नाही’ हा आक्षेप त्यापुढे टिकत नाही. पण परंपरेचा दाखला दुधारी असतो. सतीलाही परंपरा होतीच. आमच्या मुलखातल्या परंपरेने जोगत्याला यल्लम्माच्या सेवेत जागा दिली, पण हक्काचा जोडीदार दिला नाही. राजन गवस यांचे ‘भंडारभोग’ वाचणाऱ्यास त्या जागेची किंमत कळते.

मराठी समीक्षकांची तऱ्हा तिसरी. विषय निघाला की ते तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ पुढे करतात. या नाटकातली मित्रा अखेर आत्महत्या करते. तिच्यासाठी प्रेक्षकाचे डोळे पाणावतात, हे नाटकाचे यश. पण करुणा म्हणजे समर्थन नव्हे. मेलेल्या मित्रासाठी हळहळणे सोपे. जिवंत मित्राचे नाव सोबतिणीच्या नावाशेजारी नोंदवहीत लिहायचे की नाही, हा खरा प्रश्न.

उरतो समतेचा युक्तिवाद. त्याला ना उपयुक्तता लागते, ना पूर्वपरंपरा, ना अश्रू. दोन सज्ञान व्यक्तींची संमती एवढेच त्याचे भांडवल. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नाही असे ठरवून प्रश्न विधिमंडळाकडे सोपवला. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकनाचे अर्जही फेटाळले गेले. परिणामी वीस वर्षे एकत्र संसार केलेल्या दोघांपैकी एक मृत्युपत्र न करता गेला, तर वारसाहक्क दूरच्या चुलतभावाला मिळू शकतो. सोबत राहिलेल्याला मात्र नाही. इथे नेमके काय पणाला लागले आहे, ते हे.

कायद्याने गावाचे मन बदलत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण मन बदलेपर्यंत घर तरी हातचे जाऊ नये! डोंगरावर गुलाल उधळताना कुणी दाखला मागत नाही. दाखला लागतो तो खाली उतरल्यावर, आणि तो देण्याचे नाकारणारा देव नव्हे.