ओरडला नाही, म्हणजे अभिनय केला नाही?

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी मला एक रील पाठवतं. 'भारतीय सिनेमातले दहा बाप परफॉर्मन्स'. आत काय असणार, हे मी न बघता सांगू शकतो. कुणीतरी टेबलावर हात आपटतोय, कुणीतरी पावसात आभाळाकडे बघून किंचाळतोय, कुणीतरी भिंतीवर बाटली फोडतोय. दहाही क्लिपांत मानेची शीर तट्ट फुगलेली. खाली कमेंट ठरलेली: 'भूमिका जगला रे भावा!'

माझं म्हणणं साधं आहे. ही यादी चुकीची आहे. 'ज्याची त्याची आवड' म्हणून मी ती सोडून देणार नाही. पुरुषाचा कुठला चेहरा बघण्यालायक आहे, हे आपण अशा यादीतून शिकतो. मीही शिकलो होतो, आणि त्याची किंमत माझ्या वडिलांनी मोजली.

मी अकरा वर्षांचा होतो. शाळेची फी थकली होती, म्हणून पप्पांना बोलावणं आलं. ऑफिसातल्या माणसानं त्यांना उभं ठेवून चार लोकांसमोर झापलं. 'पोरं शिकवायची ऐपत नाही तर...' वगैरे. पप्पा हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले आणि दोनदा 'हो साहेब' म्हणाले. घरी येताना मी विचारलं, "तुम्ही काहीच का बोलला नाहीत?" ते म्हणाले, "बोलून फी कमी झाली असती का?" मला त्यांची लाज वाटली. त्या काळात माझ्या डोक्यात 'पुरुष' म्हणजे टेबल उलथवणारा माणूस होता. माझे वडील त्या व्याख्येत नापास झाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी 'फँड्री' पाहिला. सगळे जब्याबद्दल बोलत होते, आणि बरोबरच होतं. सोमनाथ अवघडेला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी मात्र किशोर कदमकडे बघत होतो. त्यानं केलेला कचरू, जब्याचा बाप. गावातल्या माणसांसमोर त्याचे खांदे आपोआप आत जातात. पोरीच्या लग्नाला पैसे हवेत, म्हणून गाव सांगेल ते काम तो करतो आणि हसण्यावारी नेतो. पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचत नाही. मग डुक्कर धरायच्या वेळी शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुक्कर समोर असताना हे सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. कचरू त्या क्षणी काहीही 'करत' नाही. नुसता उभा असतो. पप्पांची पिशवी मला तिथं दिसली. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मला त्याच्यावर चिडायचा हक्क नव्हता. अकराव्या वर्षी मी त्याच्याच बाजूला होतो.

तुम्ही म्हणाल, हे तुझं वैयक्तिक प्रकरण झालं, अभिनयाचं बोल. बोलतो.

1980 चा 'आक्रोश' घ्या. गोविंद निहलानींचा पहिला चित्रपट, पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरीचा लहान्या भिकू हा आदिवासी, बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली पकडलेला. त्याला वाचवायला आलेल्या वकिलाशी तो एक शब्द बोलत नाही. संवाद हे नटाचं अर्धं भांडवल. ते काढून घेतल्यावर ओम पुरीकडे उरतात डोळे आणि चेहऱ्याची कातडी. वकील प्रश्न विचारतो आणि लहान्याच्या चेहऱ्यावर आपल्याला दिसतं, की याला सगळं कळलंय. बोलून काय होणार, हेही कळलंय. शेवटी, बापाच्या चितेपाशी, बायकोचे हाल बहिणीच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून तो तिच्यावरच कुऱ्हाड चालवतो आणि मग ओरडतो. रीलवाले नेमकं तेवढंच कापतात! आधी गिळलेलं सगळं फेकून द्यायचं आणि उरलेल्या आवाजाला 'ॲक्टिंग' म्हणायचं.

त्याच ओम पुरीनं तीन वर्षांनी 'अर्ध सत्य' केला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. तिथं तर राग आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे. पण सब-इन्स्पेक्टर वेलणकरचा राग कुणावर निघतो ते बघा. ज्यांनी त्याला नामर्द ठरवलं त्यांच्यापर्यंत त्याचा हात आधी पोचत नाही. मार खातो कोठडीतला माणूस, आणि त्यात मरतो. ओम पुरी तो राग सुंदर करून दाखवत नाही. आपण टाळ्या वाजवू नयेत, याची तो काळजी घेतो. आजच्या रागीट हिरोंमधला किती जण ही काळजी घेतो?

दुसरा घोळ घामाचा. 'अमक्यानं वीस किलो वाढवले, तमक्यानं पंधरा उतरवले.' 'नटरंग'ची चर्चा निघाली की अतुल कुलकर्णीनं आधी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग नाच्यासाठी उतरवलं, हेच पहिलं सांगितलं जातं. कष्ट मोठेच आहेत. पण त्या भूमिकेतली अवघड गोष्ट वजनकाट्यावर दिसत नाही. तमाशावर जीव असलेला गुणा, फड उभा राहावा म्हणून स्वतः नाच्या व्हायला तयार होतो, आणि मनगट पहिल्यांदा बाईसारखं वळतं तेव्हा लाज आणि कलेची ओढ एकाच चेहऱ्यावर असतात. किलो मोजता येतात म्हणून आपण किलो मोजतो.

आणि निळूभाऊ! 'सामना'तला साखरसम्राट हिंदुराव करणाऱ्या निळू फुल्यांनी 1979 च्या 'सिंहासन'मध्ये दिगू टिपणीस हा पत्रकार केला. जब्बार पटेलांच्या या सिनेमात सत्तेचा सगळा खेळ मुख्यमंत्री झालेले अरुण सरनाईक आणि अर्थमंत्री झालेले श्रीराम लागू खेळतात. दिगू नुसता ऐकतो, टिपतो, सिगारेट ओढतो. ज्या नटाच्या नुसत्या एंट्रीनं बायाबापड्या दचकायच्या, तो इथं कोपऱ्यातला साक्षीदार होऊन बसतो. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो तेव्हा आपल्याला कळतं, की इतका वेळ हा माणूस आतून मोडत होता आणि आपलं लक्ष खुर्चीकडे होतं.

आता माझ्यावरचा सगळ्यात रास्त आक्षेप. 'म्हणजे गरिबानं, दलितानं, आदिवासीनं गप्प राहावं, आणि तू त्या गप्प राहण्याला कला म्हणणार?' नाही. लहान्या गप्प आहे कारण त्याला दहशतीनं गप्प केलंय. 'फँड्री'चा शेवट जब्यानं भिरकावलेल्या दगडानं होतो, आणि तो यायलाच हवा होता. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मधला नारायण कांबळे तर लोकशाहीर आहे. मंचावर दणकून गातो. कोर्टात मात्र मोजकं बोलतो, आवाज चढवत नाही, आणि तरीही वाकत नाही. ही भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. 2021 मध्ये कोविडनं ते गेले. त्यांनी गप्प बसायला शिकवलं, असं कोण म्हणेल?

मौन थोर आहे, असा माझा दावाच नाही. गिळणाऱ्या माणसाच्या आत काय चाललंय, ते हे नट आपल्याला वाचायला लावतात. ओरडणारा नट ते काम आपल्यासाठी करून टाकतो. आपण फक्त शिट्टी वाजवायची. ज्याला पडद्यावरचा गप्प माणूस वाचता येत नाही, त्याला घरातलाही वाचता येत नाही. मला येत नव्हता.

तेव्हा पुढच्या वेळी यादी करणार असाल, तर लहान्याची किंकाळी नको, त्याआधीचा वकिलासमोरचा लहान्या घ्या. राष्ट्रगीताला उभा असलेला कचरू घ्या. लाइक कमी येतील, येऊ देत.

मागच्या दिवाळीत मी पप्पांना फोनवर 'फँड्री' दाखवला. राष्ट्रगीताच्या प्रसंगाला ते एकदाच म्हणाले, "काय करील बिचारा." शाळेची गोष्ट मी काढली नाही. काढायला हवी होती.