परसातला साप पुस्तकात कधी येणार?

पाचवी-सहावीतल्या चुणचुणीत मुलाला सापांविषयी विचारावे, तो घडाघडा सांगतो. जगातला सर्वांत वजनदार साप हिरवा ॲनाकोंडा, तो दक्षिण अमेरिकेत सापडतो. विषारी सापांत सर्वांत लांब नागराज. न्यूझीलंडमध्ये जमिनीवर साप नाहीत. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकातली ही माहिती खरी आहे आणि मुलांना ती आवडते, हेही चांगलेच. मात्र त्याच मुलाच्या घरामागे दगडी गडग्यात राहणारे फुरसे किती मोठे असते, हे विचारले की गाडी अडते. फुरसे बहुधा दीड-दोन फुटांचे असते. एवढासा साप काय करणार, असे वाटून मुले त्याच्याजवळ जातात.

ॲनाकोंडा महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला चावणार नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे चावतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. वर्षाची सरासरी ५८ हजार. त्यांत चौथ्या हिश्शाहून अधिक १५ वर्षांखालची मुले होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. दुर्लक्ष कोणाचे, याचे उत्तर मुलांच्या पुस्तकांतही थोडेसे सापडते.

कारण जिथे सापांचा धडा असतो, तिथेही सोपे करण्याच्या नादात अर्धेच सांगितले जाते. ‘दोन दातांच्या खुणा दिसल्या तर साप विषारी, अनेक बारीक खुणा दिसल्या तर बिनविषारी’ हे वाक्य पिढ्यानपिढ्या पाठ केले गेले आहे. चित्र काढायला सोपे, परीक्षेत विचारायला सोपे. आणि मण्यारीच्या बाबतीत जिवावर बेतणारे.

मण्यार रात्री फिरते. पावसाळ्यात भक्ष्याच्या मागे घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. तिचे दात बारीक असतात. दुखत नाही, सूज येत नाही, खूण बहुतेकदा दिसतही नाही. झोपलेले मूल जागे होईलच असे नाही. पहाटे ते उठते आणि पोट दुखते म्हणते. एखादी उलटी होते. घरातले अपचन समजून ओवा देतात. तासा-दोन तासांत पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणे अडखळते, थुंकी गिळता येत नाही. मण्यारीचे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडते. शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. अशा वेळी खुणा शोधत बसलेल्या घराचा मोलाचा वेळ जातो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या मुलाचे सकाळी पोट दुखत असेल आणि पापण्या मिटत असतील, तर खूण असो वा नसो, दवाखाना गाठायचा. हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाला सहज समजते. ‘दोन खुणां’च्या जागी ते छापायला काय हरकत आहे?

भाषेचाही घोळ आहेच. इंग्रजी माध्यमातले मूल ‘क्रेट’ आणि ‘रसेल्स व्हायपर’ वाचते. आजी ‘मण्यार’ आणि ‘घोणस’ म्हणते. दोघे एकाच सापाविषयी बोलत आहेत हे दोघांनाही कळत नाही. पाड्यांवर तर नावे आणखी वेगळी. पुस्तकात सापाच्या चित्राखाली एक रिकामी ओळ ठेवावी आणि ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात, ते विचारून लिहा’ असे सांगावे. भाषेचा आणि विज्ञानाचा तास एकत्र होईल. मात्र नावे शिकवली म्हणून साप ओळखण्याची जबाबदारी मुलांवर टाकू नये. घोणशीला अजगराचे पिल्लू समजून उचलणारी मोठी माणसेही आहेत, आणि बिनविषारी कवड्या व मण्यार यांत भल्याभल्यांची गल्लत होते.

तशी गरजही नाही. आपल्याकडची सर्पदंशावरची लस या चारही सापांच्या विषावर चालते, म्हणून साप मारून रुग्णालयात आणण्याचा खटाटोप नको. ही लस कशी बनते, ही तर मुलांना गोष्टीसारखी सांगता येईल. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा देतात आणि ती हळूहळू वाढवत नेतात. घोड्याचे शरीर त्या विषाला अडवणारी प्रतिपिंडे तयार करते. ती त्याच्या रक्तातून वेगळी काढून शुद्ध केली की लस तयार. फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेट यांनी १८९० च्या दशकात ही वाट दाखवली. मुंबईत हाफकिनमध्येही लस बनते. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते.

रुग्णालयातली एक तपासणीही मुलांना दाखवण्याजोगी आहे. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्त गोठेनासे होते. डॉक्टर थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात, २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष भिनले आहे. ना मोठे यंत्र, ना संगणक. सापाला दूध पचत नाही आणि पुंगीच्या सुरावर नव्हे तर तिच्या हालचालीवर तो डोलतो, हे सांगून झाले की एवढेही सांगावे.

आणि काय करायचे ते. पळायचे नाही, हात-पाय हाडे मोडल्यासारखा फळीला बांधून स्थिर ठेवायचा. अंगठी, पैंजण, काळा दोरा काढायचा, कारण सूज आल्यावर तो आवळतो. घट्ट दोरी बांधायची नाही, ब्लेड लावायचे नाही, तोंडाने विष ओढायचे नाही. सिनेमात दाखवले तरी नाही. १०८ ला फोन करायचा. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्यायची, झोपताना मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचायची.

एक गोष्ट मात्र मोठ्यांनी शिकायची आहे. गवतात, गडग्यात खेळायला गेलो म्हणून मार बसेल या भीतीने मुले चावल्याचे लपवतात, काटा टोचला म्हणतात. ‘काही चावले तर आधी सांग, रागावणार नाही’ हे आई-बाबांनी जूनमध्येच सांगून ठेवावे, आणि नंतर खरोखरच रागावू नये.