बेकारी भत्ता किती टक्के, यापेक्षा किती महिने

निरनिराळ्या देशांतल्या बेकारी भत्त्यांची तुलना निघाली की चर्चा टक्क्यांवर अडते. डेन्मार्कमध्ये आधीच्या पगाराच्या 90 टक्क्यांपर्यंत, जर्मनीत हातात येणाऱ्या पगाराच्या 60 टक्के, पदरी मूल असेल तर 67. आकडे खरे आहेत, पण भत्त्यावर घर चालते का, हे त्यांवरून कळत नाही. डेन्मार्कच्या 90 टक्क्यांवर कमाल रकमेचे बंधन आहे. त्यामुळे बऱ्या पगाराच्या माणसाला प्रत्यक्षात खूपच कमी मिळते आणि कमी पगाराच्या कामगाराला जवळपास पूर्ण आधार होतो. ब्रिटनच्या विम्यावर आधारलेल्या भत्त्यात तर टक्केवारीच नाही. पूर्वीचा पगार कितीही असो, 2025-26 मध्ये पंचविशी गाठलेल्या बेकाराला आठवड्याला 92.05 पौंड, तेही जास्तीत जास्त सहा महिने. घरभाड्याची मदत वेगळी आहे, पण ती घरातली मिळकत आणि बचत तपासून. अमेरिकेत राज्य बदलले की सगळेच बदलते: फ्लोरिडात आठवड्याला कमाल 275 डॉलर आणि बेकारी कमी असताना अवघे 12 आठवडे, तर मॅसॅच्युसेट्समध्ये कमाल रक्कम जवळपास चौपट आणि मुदत दुपटीहून जास्त. जर्मनीचे बळ मुदतीत आहे. भत्ता साधारणपणे वर्षभर आणि 58 वर्षांपुढच्या कामगाराला दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. तो संपल्यावरही एकट्या माणसाला महिना 563 युरो आणि वर भाडे देणारी व्यवस्था 2024 आणि 2025 मध्ये होती.

या कसोटीवर आपली व्यवस्था पाहिली की दुखणे नेमके कुठे आहे ते दिसते. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 मध्ये सुरू झाली. तेव्हा मदत सरासरी कमाईच्या 25 टक्के होती, कोविडकाळात ती 50 टक्क्यांवर नेली. म्हणजे वीस हजार कमावणाऱ्याला महिना दहा हजार. टक्का पाहिला तर आपण जर्मनीपासून फार दूर नाही. पण ही मदत मिळते उभ्या आयुष्यात मिळून 90 दिवस. दुसऱ्यांदा काम गेले तर तिजोरी बंद. शिवाय योजना प्रायोगिक आहे, वेळोवेळी मुदत वाढवून चालवली जाते. हक्क म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. 21,000 रुपयांची पगारमर्यादा 2017 पासूनची आहे, त्यामुळे पंचवीस हजारांचा कामगार मुळात योजनेबाहेर. 2005 च्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची मुदत बरीच मोठी आहे, पण कारखाना बंद पडला किंवा कायदेशीर कामगार कपात झाली तरच तिचे दार प्रामुख्याने उघडते. चाकणमधल्या ज्या कंत्राटी कामगाराला ठेकेदार ‘उद्यापासून येऊ नको’ एवढेच सांगतो, त्याने कपातीचा कागद कुठून आणायचा?

यावर नेहमीचा आक्षेप असा की, घरबसल्या पैसे मिळाले तर माणूस काम शोधणार नाही. पण विम्याचा भत्ता काम करून वर्गणी भरलेल्यालाच मिळतो. जर्मनीत सबळ कारणाशिवाय नोकरी सोडली तर साधारण 12 आठवडे काहीच हाती येत नाही. फिनलंडने तर 2017-18 मध्ये दोन हजार बेकारांना कोणत्याही अटीविना महिना 560 युरो देऊन पाहिले. त्यांचे काम घटले नाही, उलट थोडे वाढलेले दिसले. मुदत तोकडी असली तर काय होते, याचाही विचार व्हायला हवा. सीएनसी यंत्र चालवणारा कुशल माणूस दुसऱ्याच महिन्यात भाड्यापायी मिळेल ती हमाली किंवा पहारेकऱ्याचे काम धरतो. त्याचे कसब वाया जाते आणि तोटा उद्योगालाही होतो. पैशाचे म्हणाल, तर आपल्या कर्मचारी राज्य विम्यापोटी पगाराच्या प्रमाणात मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के आजही जमा होतात. त्यातून औषधोपचारांचाही खर्च भागवायचा असतो, हे मान्य. म्हणूनच वर्गणी अर्ध्या टक्क्याने वाढवून ती फक्त बेकारीसाठी वेगळी ठेवावी आणि मदत सहा महिने, दर काही वर्षांनी पुन्हा मिळेल अशी करावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बहुतेक कामगार असंघटित. ज्यांची वर्गणीच कापली जात नाही, त्यांना विम्याचा काय उपयोग? याचे उत्तर महाराष्ट्राला बाहेर शोधायला नको. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्याने 15 दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता ठरवून दिला. तो क्वचितच दिला गेला, ही अंमलबजावणीची लाज आहे. तत्त्व त्याने खोटे ठरत नाही. मूळ रोजगार हमीच्या खर्चासाठी राज्याने 1975 मध्ये व्यवसाय कर आणला, आणि शहरातला पगारदार वर्षाला 2,500 रुपयांपर्यंत तो आजही भरतो. गावाच्या हमीसाठी त्याने भरले, ते योग्यच झाले. पण भिवंडीत किंवा इचलकरंजीत यंत्रमाग थांबले की मजुराला मागायला अशी कोणतीही हमी नाही. केरळने 2010 मध्ये आणि राजस्थानने 2022 मध्ये शहरी रोजगार हमी सुरू केली. महाराष्ट्राने ती यंत्रमागाच्या शहरांपासून सुरू करावी, आणि काम देता आले नाही तर भत्ता ठरलेल्या तारखेला मजुराच्या खात्यात जमा करण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी टाकावी.