सत्तावीस देशांचा एक आवाज

युरोपीय संघ आपल्या बाजूचा आहे का, हा प्रश्न आपल्या बैठकांत अधूनमधून निघतो. कधी जिनिव्हाला पाठवायच्या पर्यायी अहवालाच्या निमित्ताने, कधी निधीच्या. उत्तरेही ठरलेली असतात. एक मैत्रीण म्हणते, बायकांच्या हक्कांची भाषा बोलणारे तेवढेच तर उरलेत. दुसरी म्हणते, जुने साहेबच ते, आता मानवी हक्कांची टोपी घालून आलेत. मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. संघाने कुठे तोंड उघडले आणि कुठे मिटले, हे एकेक ठराव हातात घेऊन पाहायला हवे.

आधी तिथल्या कामाची रीत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत ४७ देश सभासद असतात. संघाला स्वतःला तिथे मत नाही. संघातले जे देश त्या वेळी निवडून आलेले असतील त्यांनाच मत. संघाच्या नावाने निवेदन करायचे तर मात्र सगळ्या सदस्य देशांचे एकमत लागते. दहा संघटनांचे संयुक्त पत्रक काढण्यासाठी ज्यांनी रात्री जागवल्या आहेत, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. एक जण अडून बसली की वाक्य जाते, कधी अख्खे पत्रकच जाते. जून २०१७ मध्ये चीनमधील मानवी हक्कांवरचे संघाचे निवेदन एकट्या ग्रीसने अडवले. आदल्याच वर्षी ग्रीसच्या पिरियस बंदराची बहुसंख्य मालकी कॉस्को या चिनी सरकारी कंपनीकडे गेली होती. अशा टीकेने काही साधत नाही, असे ग्रीसचे म्हणणे होते. असेलही.

सौदी अरेबियाची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. बेजिंगच्या १९९५ च्या कृतिकार्यक्रमावर देखरेख करणारा संयुक्त राष्ट्रांचा जो स्त्रीविषयक आयोग आहे, त्यावर एप्रिल २०१७ मध्ये सौदी अरेबिया निवडून आला. ५४ पैकी ४७ मते मिळाली. त्या वेळी तिथे बाईला मोटार चालवायची मुभाही नव्हती. मतदान गुप्त होते; पण बेल्जियमने बाजूने मत दिल्याचे बाहेर आले आणि त्यांच्या पंतप्रधानांना संसदेत खेद व्यक्त करावा लागला. पुढे मोटार चालवण्याच्या हक्कासाठी लढलेल्या स्त्रियांना तिथे तुरुंगात टाकले गेले. मार्च २०१९ मध्ये परिषदेत ३६ देशांनी सौदीविरुद्ध संयुक्त निवेदन केले. संघाचे तेव्हाचे सर्व २८ देश त्यात होते, हे मोलाचे. पण पुढाकार संघाचा नव्हता. तो संघाबाहेरच्या चिमुकल्या आइसलंडने घेतला. मार्च २०२४ मध्ये त्याच स्त्रीविषयक आयोगाचे अध्यक्षपद सौदी अरेबियाकडे गेले. कुणाची हरकत आहे का, असे विचारण्यात आले. एकाही देशाने हात वर केला नाही.

घरातला कारभारही पाहू. २२ ऑक्टोबर २०२० या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. गर्भपात हा आंतरराष्ट्रीय हक्क नाही असे सांगणाऱ्या, अमेरिकेने पुढे आणलेल्या घोषणापत्रावर सौदी अरेबिया, युगांडा यांच्या रांगेत संघातल्या हंगेरी आणि पोलंडनेही सह्या केल्या. आणि पोलंडच्या घटनात्मक न्यायालयाने गर्भात गंभीर व्यंग असतानाचा गर्भपातही घटनाबाह्य ठरवला. हजारो पोलिश बाया रस्त्यावर उतरल्या. स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या इस्तंबूल कराराला संघाने २०२३ मध्ये मान्यता दिली, तेव्हा हंगेरी, बल्गेरिया, स्लोवाकिया आणि चेकिया यांनी स्वतः ती दिलेली नव्हती. २०२४ मध्ये हिंसेविरुद्धचा संघाचा स्वतःचा कायदा झाला, पण संमतीचा अभाव म्हणजे बलात्कार, ही व्याख्या त्यातून गळाली. हा विषय संघाच्या अधिकारात येत नाही, असे म्हणणाऱ्यांत फ्रान्स आणि जर्मनीही होते. मथुरा प्रकरणातल्या निकालानंतर 'संमती' या एका शब्दासाठी आपण किती वर्षे झगडलो, ते आठवून हे वाचावे.

युक्रेनवरील हल्ल्याचा निषेध करताना, मार्च २०२२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सत्तावीसच्या सत्तावीस मते एका बाजूला पडली. गाझात शस्त्रसंधीची मागणी करणाऱ्या २७ ऑक्टोबर २०२३ च्या ठरावावर आठ बाजूने, चार विरुद्ध, पंधरा तटस्थ. (दोन्ही वेळा भारत तटस्थ होता. ही तटस्थता लक्षात असू द्या.)

आता मणिपूर. १३ जुलै २०२३ रोजी स्ट्रासबर्गला युरोपीय संसदेने मणिपूरमधील हिंसेवर ठराव केला. दोन स्त्रियांची विटंबना झाली होती ४ मे रोजी. तिची चित्रफीत देशाने पाहिली ती १९ जुलैला. म्हणजे आपण हादरायच्या आधीच ठराव झाला होता. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याला वसाहतवादी मानसिकता म्हटले आणि अंतर्गत प्रश्नात ढवळाढवळ नको, असे बजावले. त्याच दिवशी दिल्लीत २६ राफेल विमाने आणि आपल्या माझगाव गोदीत बांधायच्या तीन स्कॉर्पीन पाणबुड्या यांच्या खरेदीला प्राथमिक मंजुरी मिळाली. दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाचे प्रमुख पाहुणे होते आपले पंतप्रधान. संसदेचा ठराव सरकारांना बांधील नसतो, हे दोन्ही राजधान्यांना नीट ठाऊक होते.

या विसंगतीचा खरा फायदा होतो तो सरकारांना. 'आधी तुमचे पाहा' एवढे म्हटले की भागते. कुकी बाईवर झालेला अत्याचार बाजूला राहतो आणि वाद रंगतो गोऱ्यांच्या ढोंगावर. आपल्यातल्याही काहीजणी त्या वादात हिरिरीने उतरतात, याचे मला वाईट वाटते.

कारण संघाच्या पुढाकाराने झालेली कामे खोटी नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये, तालिबानची राजवट आल्यावर दोन महिन्यांच्या आत, अफगाणिस्तानसाठी विशेष प्रतिवेदक नेमण्याचा ठराव संघाने आणला आणि तो २८ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. शाळेचे दार बंद झालेल्या अफगाण मुलींची नोंद आज जागतिक दप्तरात होते, ती त्यामुळे. महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराणमध्ये बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा जर्मनी आणि आइसलंडच्या मागणीवरून नोव्हेंबर २०२२ मध्ये परिषदेचे विशेष अधिवेशन झाले. सत्यशोधन समिती नेमायच्या बाजूने २५ मते पडली, विरुद्ध ६. तटस्थ १६, त्यात भारत. इराणी बाईच्या बाजूने हात वर करायला आपल्या सरकारला कोणत्या युरोपीय ढोंगाने अडवले होते?

युरोपकडे मागायचे तर तुमच्या २०१९ च्या सह्या आणि २०२४ चे मौन यांचा हिशेब मागावा, आणि तोच कागद दिल्लीलाही पाठवावा. स्थलांतरित कामगारांच्या १९९० च्या कराराला संघातल्या एकाही देशाने मान्यता दिलेली नाही, भारतानेही नाही. घरकामासाठी परदेशी गेलेल्या बायकांबरोबर काम करणाऱ्या गटांना या एका मुद्द्यावर दोन्हीकडे एकच पत्र धाडता येईल.

मानवी हक्क परिषदेत स्त्रियांशी संबंधित ठरावांवर भारताने आजवर कसे मतदान केले, त्याचा तक्ता पुढच्या अंकात द्यायचा विचार आहे. नोंदी इंग्रजीत आहेत आणि काम किचकट आहे. ज्यांना वेळ देता येईल त्यांनी महिनाअखेरीपर्यंत कळवावे.