ओमाहा आणि एक्क्यांचा अंधविश्वास

पोकरच्या इतिहासकथांना एका चित्राचा फार मोह आहे: धुरकट खोली, टोपीआड लपलेले डोळे आणि पहिल्याच फेरीत सर्वस्व पणाला लावणारा बहाद्दर. ओमाहा या खेळाला हे चित्र चिकटवणे म्हणजे इतिहासाचा शुद्ध विपर्यास. ओमाहाची पहिली फेरी शौर्याने नव्हे, एका अटीने घडवली आहे.

१९८०च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट टर्नर यांनी हा प्रकार लास व्हेगासमधील गोल्डन नगेटच्या बिल बॉइड यांच्यापुढे मांडला आणि ‘नगेट होल्डेम’ या नावाने तो तेथे सुरू झाला. टेक्सास होल्डेम त्या शहरात आधीच रुजलेला होता. त्यामुळे नव्या खेळाला जुनेच तर्क लावले गेले, आणि ते आजही लावले जातात.

होल्डेममध्ये हाती दोन पत्ते येतात, ओमाहात चार. मात्र अंतिम डाव हातातल्या नेमक्या दोन आणि टेबलावरच्या नेमक्या तीन पत्त्यांचाच हवा. ही ती अट. चार एक्के हाती आले, तर तीन पत्तीत वाढलेल्या मनाला स्वर्ग दोन बोटे उरतो! ओमाहात तो हात जवळजवळ कचरा. दोनच एक्के उपयोगी, टेबलावर तिसरा येणे अशक्य. ना कलर जुळतो, ना सिक्वेन्स.

‘निदान दोन एक्के असले तर पैज वाढवत सुटावे’, हा दावा अधिक घातक आहे, कारण तो अर्धसत्य आहे. होल्डेममध्ये एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीला पाचातून सुमारे चार वेळा हरवते. ओमाहात मात्र दोन एक्के आणि सोबत दोन विजोड पत्ते असा हात, दोन रंगांत जुळलेल्या ९-८-७-६ पुढे बरोबरीच्या आसपासच राहतो.

आता पॉट-लिमिटचा हिशेब पाहावा. तेथे आधीची पैज भरल्यावर पॉट जेवढा होईल, तेवढीच वाढ करता येते. सक्तीच्या पैजा १ आणि २ असतील, तर पहिली वाढ फार तर ७ पर्यंत जाते आणि त्यावरची २४ पर्यंत. दोघांकडे आरंभी प्रत्येकी २०० असतील आणि सक्तीच्या पैजा लावणारे बाजूला झाले, तर पॉटमध्ये ५१ जमतात. प्रत्येकाकडे १७६ शिल्लक राहतात. म्हणजे बहुतेक धन अद्याप हातातच, आणि गुपित मात्र फुटलेले: २४ करणाऱ्याकडे एक्के आहेत, हे समोरच्याने ताडले. समोरच्याकडे काय आहे, हे एक्केवाल्याला ठाऊक नाही.

थोडे धन घेऊन बसलेल्याने एक्क्यांवर सारे लावले, तर ते योग्यच. त्याला पुढचा निर्णय उरत नाही. पण गाठीशी मोठी रक्कम असताना हीच घाई मर्दुमकी म्हणून मिरवली जाते. मग टेबलावर १०-८-७ पडतात. समोरच्याचा ९ आणि ६ घेऊन सिक्वेन्स पूर्ण झालेला असतो, आणि एक्केवाला उरलेल्या १७६ कडे पाहत राहतो.