कानात जेथ्रो टल, पायात गार पाणी



या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची पाळी आहे. लाईट पावणेबाराला येते, सकाळी पावणेआठला जाते. गहू 42 दिवसांचा झालाय, कांडी धरतोय. मुकुटमुळं फुटताना 18 ते 21 दिवसांनी, कांडी धरताना 40 ते 45 दिवसांनी, मग फुलोऱ्यात आणि दाणा भरताना पाणी चुकवायचं नाही, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पिकाचा दिवस ठरलेला, लाईटची वेळ ठरलेली. मधे आपण.

द्राक्षबाग ठिबकवर आहे, तिथं ऑटो टाकला की मोटर आपली आपण चालू होते. गव्हाचं तसं नाही. सारा भरला की बारं मोडायचं, दुसरा सारा धरायचा. त्याला माणूसच लागतो. गमबूट, कानटोपी, फावडं, बॅटरी. आणि माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट, कानात रॉक संगीत.

ही सवय नाशिकला कॉलेजात असताना लागली. हॉस्टेलच्या खोलीत एकाकडे कॅसेटींचा डबा होता. बाकीची पोरं हिंदी गाणी लावायची, हा इंग्रजी. त्यात एक बँड होता, जेथ्रो टल. रॉकच्या धिंगाण्यात एक जण बासरी वाजवतोय, हे ऐकून मी चाटच पडलो. नावाचा अर्थ मात्र खूप वर्षांनी कळला. जेथ्रो टल हा माणूस गाणारा नव्हताच. तो इंग्लंडातला शेतकरी, 1674 सालचा जन्म. 1701 च्या सुमाराला त्यानं घोड्यानं ओढायचं पेरणी यंत्र बनवलं. बी मुठीनं फेकण्यापेक्षा ओळीत पडू द्या, मग दोन ओळींत कोळपणी करता येते, असं त्याचं म्हणणं. 1968 च्या सुमाराला त्या पोरांच्या एजंटनं हे नाव बँडला देऊन टाकलं आणि ते चिकटलं. आपल्याकडं पाभर आणि तिफण पिढ्यानपिढ्या चालत आली, म्हणून आपल्याला त्याचं फार नवल वाटणार नाही. पण रॉक बँडला पाभरीवाल्याचं नाव, ही गोष्ट मला अजून आवडते.

तर परवाची रात्र. दीड वाजला होता. आभाळ एकदम साफ, वारा बंद, चांदण्या अशा की हात लावावा. विहिरीच्या पाण्यातून वाफा निघत होत्या. बांधापलीकडं तात्याही गव्हालाच पाणी भरत होते. वय 66. मुलगा नोकरीला बाहेरगावी, म्हणून रात्रीचं पाणी स्वतःच भरतात. त्यांची बॅटरी मला दिसत होती. बराच वेळ ती एकाच जागी होती. मला वाटलं, शेकोटी करून बसले असतील. मी आपला कानात गाणं घेऊन सारे मोडत राहिलो.

मोटर ट्रिप झाली म्हणून कानातलं काढलं, तेव्हा हाक ऐकू आली.

पाटाच्या कडेवरून पाय घसरून तात्या खाली बसले होते. घोटा मुरगळलेला, उठता येईना, खालून पाणी चाललेलं. धोतर, स्वेटर, सगळं भिजलं होतं. मी पोचलो तेव्हा दातावर दात आपटत होते. म्हणाले, "अर्धा तास झाला हाका मारतोय रं. बिबट्या आला आसता तरी तुला कळलं नसतं."

काय बोलणार? ओले कपडे काढले, माझं जर्किन घातलं, घोंगडीत गुंडाळून मोटरसायकलवर घरी आणलं. काकूंनी गरम गोड चहा दिला. सकाळी डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पंधरा दिवस आराम. निभावलं. पण तो अर्धा तास माझ्या डोक्यातून जात नाही. तो गाण्याचा दोष नाही, माझा आहे.

सकाळी पेपर उघडला. पहिल्याच पानावर थंडी. निफाडचा पारा घसरला, गुलाबी थंडीनं नाशिककर सुखावले. फोटोत स्वेटर घालून पळणारी मंडळी आणि वाफाळता चहा. फोटो छान होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या बातमीत आकडा होता, मजा होती, रात्री पाण्यात उभा राहिलेला माणूस कुठंच नव्हता. टीव्ही लावला तर तिथंही तेच, निफाडमध्ये दवबिंदू गोठले वगैरे.

आता तो आकडा बघू. निफाडचा जो पारा सगळीकडं छापून येतो तो बहुतेक वेळा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. आकडा खराच असतो, त्यात शंका नाही. पण तापमान मोजायची ती पांढरी झडपांची पेटी जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असते. साफ आभाळ आणि बंद वारा असलेल्या रात्री जमीन आपली ऊब वर सोडून देते आणि गार हवा खाली बसते. त्यामुळं पिकाच्या पानाजवळ त्या आकड्यापेक्षा दोन-चार अंश कमीच भरतं. पेपरात 7 आलं तर खोलगट वावरात गव्हाच्या पात्यावर 4 असू शकतं. माझ्याकडं दोन साधे थर्मामीटर आहेत, एक पडवीत, एक बागेत गुडघ्याएवढ्या उंचीवर. परवा पहाटे साडेपाचला पडवीत 8 आणि बागेत 5. एकच घर, एकच पहाट.

शिवाय एकच आकडा प्रत्येक पिकाला वेगळं सांगतो. गव्हाला आणि हरभऱ्याला ही थंडी मानवते, फुटवे चांगले येतात. केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. द्राक्षाचे मणी फुगायचे थांबतात आणि दिवसा ऊन, पहाटे कडाका असा फरक वाढला की पिंक बेरीची भीती. म्हणजे "पारा घसरला" ही बातमी एकाला आनंदाची, दुसऱ्याला काळजीची.

इथं मला पुन्हा तो टल आठवतो. माणूस हुशार, पण एका बाबतीत पार चुकला. त्याला वाटायचं, झाडाची मुळं मातीचे बारीक कण खातात. मग माती भुसभुशीत केली की झालं, शेणखताची गरज नाही. कोळपणीनं पीक सुधारतं हे त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं, ते खरंच होतं. पण त्या एका खऱ्या गोष्टीवरून त्यानं सगळ्या शेतीचा हिशोब मांडला. थंडीच्या बातमीचं असंच होतं. पाऱ्याचा आकडा खरा, पण तेवढ्यावर सगळी थंडी सांगून मोकळे.

माझं म्हणणं सरळ आहे. हवामान विभागाची थंडीच्या लाटेची व्याख्या ठरलेली आहे. सपाट भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त घसरलं, की थंडीची लाट. पारा थेट 4 वर आला तरी लाट. त्याचा इशारा आधी मिळतो. मग ज्या दिवसांचा इशारा आहे, तेवढे दिवस तरी त्या तालुक्यातल्या शेतीपंपांची रात्रपाळी बंद ठेवून दिवसा लाईट द्यावी. वर्षभराचं सोडा, हिवाळ्यातले असे दिवस बोटांवर मोजण्याइतके असतात.

काही कृषी सहायक मित्र म्हणतील, पहाटे पाणी दिल्यानंच तर पीक थंडीतून वाचतं. बरोबर आहे, विहिरीचं पाणी कोमट असतं. पण ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते, म्हणून दुपारनंतर हलकं पाणी दिलं तरी रात्री त्याचा उपयोग होतो. बागेला पहाटे ठिबक लागेल तर त्यासाठी दोन तास पुरतात. त्यासाठी 66 वर्षांच्या माणसाला रात्रभर पाटात उभं करायची गरज नाही.

दिवसा तेवढी वीज कुठून आणायची, हाही प्रश्न खरा. त्याचं उत्तर सरकारनंच देऊन ठेवलंय. सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली, 2023 ला तिचा दुसरा टप्पा आला. हेतूच दिवसा वीज देण्याचा. जिथं ती पोचली तिथल्या भावांनी अनुभव सांगावा. आमच्या फीडरवर अजून रात्रच आहे. बातमीदारांनाही एवढंच सांगणं, निफाडचा पारा छापताना खाली दोन ओळी टाका, आज कुठल्या भागात शेतीची लाईट रात्री आहे.

असं मागून काय होतं, असं कुणाला वाटत असेल तर रॉकवाल्यांचीच एक गोष्ट सांगतो. जुलै 1985 मध्ये इथिओपियाच्या दुष्काळासाठी लाईव्ह एड नावाचा जलसा झाला. तिथं बॉब डिलन स्टेजवरून बोलून गेला, की यातले थोडे पैसे आपल्या शेतकऱ्यांच्या कर्जालाही लागावेत. त्याच्यावर टीका झाली, ही काय वेळ आहे का म्हणून. पण तेव्हा अमेरिकेत व्याजानं आणि जमिनीच्या पडलेल्या भावानं शेतकरी खरंच बुडत होते. विली नेल्सन, नील यंग आणि जॉन मेलनकॅम्प यांनी ते मनावर घेतलं आणि 22 सप्टेंबर 1985 ला इलिनॉयमध्ये फार्म एड भरवला. नेल्सन आणि मेलनकॅम्प पुढं शेतकऱ्यांना घेऊन संसदेपुढं गेले. 1987 ला शेतीकर्जाचा कायदा झाला, जप्तीच्या वाटेवरच्या कितीतरी शेतकऱ्यांना त्यानं वेळ मिळाला. कायदा एकट्या गाण्यांनी झाला असं मी म्हणणार नाही. पण बातमीत नसलेला माणूस त्यांनी स्टेजवर आणून उभा केला, हे खरं.

आपल्यापाशी स्टेज नाही, मोबाईल आहे. तोपर्यंत आपापली काळजी. मी तीन गोष्टी ठरवल्यात. रात्री पाण्यावर एकट्यानं जायचं नाही, शेजाऱ्याशी वेळ जुळवायची आणि दर तासाला हाक द्यायची. कोरड्या कपड्यांचा एक जोड मोटरीच्या पेटीजवळ ठेवायचा. कुणी भिजून गारठला तर ओलं काढून कोरडं गुंडाळायचं, शुद्धीत असेल तर गरम गोड प्यायला द्यायचं. हातपाय चोळायचे नाहीत, दारू तर अजिबात नाही. आणि तिसरी, कानात काही घालायचं नाही.

गाणं बंद नाही केलं. काल फोन बांधावर ठेवून मोठ्यानं लावलं. तात्यांचा गहू राहिला होता, तोही मीच भरला. सकाळी चहाला गेलो तर खाटेवरून म्हणाले, "रात्री ऐकू येत होतं रं. तो बासरीवाला बरा वाजवतो. बाकीचे का ओरडतात?"

तुमच्या फीडरला या आठवड्यात कुठली पाळी आहे आणि पहाटे वावरात किती भरलं, ते कळवा. गावाचं नाव आणि वेळ टाका. पेपरात येत नसेल, तर आपण आपलं लिहून ठेवू.